तळीवरची फांदी

कुळागरातल्या तळीवर आलेल्या फांद्या छाटा, काठ मोकळा करा, तळीला प्लास्टिक घाला. असा सल्ला देणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. त्यांत कृषी पदवीधर आहेत, शेततळ्याचे ठेकेदार आहेत, माझा सख्खा चुलत भाऊ आहे. चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही होतो, तेव्हा मी फार शहाणा आहे असं समजून वाचू नका.

परवा रात्री मिरग लागून बारा-तेरा दिवस झाले होते. संध्याकाळपासून पाऊस धरून होता. जेवून तळीवर गेलो तर जांभळीच्या फांदीवरून आवाज येत होता. टक, टक, टक-टक. सुतार लांब कुठेतरी हलक्या हाताने ठोकतोय असं वाटावं. बॅटरी मारली तेव्हा पाण्यापासून पुरुषभर उंचीवर मादी बसलेली, तिच्या पाठीवर नर आणि बाजूच्या डहाळीवर आणखी दोन नर वाट बघत. मागच्या पायांनी ती काहीतरी घुसळत होती. आमच्या आईने ताक करताना रवी फिरवावी तसं, पण पायांनी. बघता बघता पांढरा फेस वर आला. सकाळी त्याच फांदीला तीन गोळे लोंबत होते आणि आजूबाजूची पानं त्यांना चिकटलेली होती.

सकाळीच चुलत भाऊ आला. तळी दोन घरांची सामायिक आहे. आजोबांनी चिऱ्याची बांधलेली, व्हाळाचं पाणी पाटाने येतं आणि तिच्यावर दोघांच्या पोफळी, माड आणि मिरवेली जगतात. तो म्हणाला, "सोमवारी माणूस येतलो. ही जांभळ तोडून काठ साफ करून घेव. मगे प्लास्टिकचा बघू." मी फांदी दाखवली. तो हसला. "एका बेब्यापायी तू पोफळी सुकवतलंस काय रे?"

प्रश्न बरोबर आहे. त्याला उत्तर द्यायला हवं, आणि ते "निसर्ग वाचवा" असं पाटीवर लिहून देता येत नाही.

हा बेडूक कोणता, ते आधी. इंग्रजी नावाचं मराठी करायचं तर मलबारचा तरंगणारा बेडूक, लोक साधं 'उडणारा बेडूक' म्हणतात. १८७० साली जर्डन या इंग्रज डॉक्टरने त्याची शास्त्रीय नोंद केली. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही तो सापडत नाही. मादी मोठी, चार बोटं लांब. नर लहान. पाठ पोफळीच्या कोवळ्या पानासारखी हिरवी, पोट फिकट पिवळसर, आणि बोटांमधले पडदे लाल-केशरी. दिवसा हातपाय अंगाखाली घेऊन पानावर बसला की ते पडदे दिसतच नाहीत. तुमच्या नाकासमोर असला तरी तुम्ही त्याला पान समजून पुढे जाल. मी तीस वर्षं तसाच पुढे गेलो आहे.

'उडतो' म्हणजे पाखरासारखा उडत नाही. उंचावरून उडी घेतो, चारही पंजे फाकवतो, आणि ते पडदे छत्रीसारखं वारं धरतात. धप्प पडायच्या ऐवजी तिरका उतरतो. पुस्तकांत नऊ ते बारा मीटर लिहिलेलं असतं. आमच्या तळीवर मी पाहिलेली सगळ्यात लांब उडी माझ्या पावलांनी अकरा पावलं होती. बोटांच्या टोकांना चकत्या असतात, त्यामुळे उतरल्यावर ओल्या पानालाही तो चिकटून राहतो.

वर्षाचे सात-आठ महिने तो वरच असतो. उंच झाडांच्या शेंड्याकडे, दमट जागेत. पाऊस सुरू झाला की खाली येतो, आणि तेही पाण्यात नाही, पाण्यावर आलेल्या फांदीवर. माझ्या सगळ्या भांडणाचं मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भातातला बेडूक अंडी पाण्यात सोडतो. तिथे मासे, पाणकिडे, चतुरांची पिल्लं टपलेलीच असतात. हा बेडूक अंडी पाण्याबाहेर ठेवतो. मादी अंगातून चिकट द्रव सोडते, पायांनी फेटून त्याचा फेस करते, अंडी त्या फेसात घालते आणि नर त्यांचं फलन करतो. बाहेरचा थर वाऱ्याने सुकून पापुद्रा होतो, आतला फेस ओला राहतो. आठवडाभरात, कधी थोडं जास्त, आत पिल्लं तयार होतात. मग फेस खालून विरघळतो आणि पावसाच्या सरीबरोबर पिल्लं थेंबासारखी खाली पडतात.

खाली पाणी पाहिजे. बस्स. या सगळ्या कारागिरीत मादीने जुगार लावलेला असतो तो एवढाच, की आठ दिवसांनी या फांदीखाली पाणी असेल. फांदी पाण्यापासून दोन हात बाजूला सरकली तर सगळी पिल्लं मातीत.

लहानपणी आम्ही त्या फेसाला थुंकी म्हणायचो. भुताची थुंकी. आजोबा म्हणायचे, हात लावू नको, हाताला खाज येते. खाज येत नाही, मी लावून बघितलंय. पण आजोबांच्या त्या खोट्यामुळे आम्ही चार पोरं त्या फांद्यांपासून लांब राहिलो, हेही खरं.

आता माझी स्वतःची गोष्ट. चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी हीच जांभूळ छाटली होती. तेव्हा मला एका सल्लागाराने सांगितलं होतं की पोफळीला ऊन कमी पडतंय, शिवाय पानांनी पाणी कुजतंय. दोन्ही मुद्दे चुकीचे नव्हते. पण कधी छाटायचं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कोयता घेतला आणि छाटली. फांदी काठावर ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर सात-आठ फेसाचे गोळे दिसले आणि प्रत्येकात मुंगळे शिरलेले. मला त्यात फार काही वाटलं नाही, हे कबूल करतो. पावसात मुंग्या काहीही खातात.

त्याच पावसात पुढच्या पंधरवड्यात बेडूक परत आले. फांदी नव्हती. एकाने चिऱ्याच्या भिंतीला फेस लावला, एकाने पंपाच्या पाइपला. आणि एकाने मांगराच्या वळचणीखाली ठेवलेल्या निळ्या पिंपाच्या कडेला. ते पिंप माझं बोर्डोचं. कोळे रोगाची दुसरी फवारणी झाली होती आणि पिंप न धुता तसंच ठेवलेलं. वळचणीचं पाणी त्यात वीतभर साचलं होतं, तळाला मोरचूद-चुन्याचा निळा गाळ. वरून बघणाऱ्या बेडकाला ते पाणीच.

सातव्या-आठव्या दिवशी मी पिंप घ्यायला गेलो. पिल्लं पडलेली होती. तळाच्या निळ्या गाळावर काळे ठिपके, एकही हलत नव्हता. किती होते ते मोजले नाहीत. पिंप उलटं केलं आणि धुतलं. धुतलेलं पाणी पाटात गेलं आणि पाट तळीत जातो, हे पाणी ओतून झाल्यावर लक्षात आलं.

त्या दिवसापासून मी या बेडकाकडे बघायला लागलो. अभ्यासक वगैरे नाही. रात्री बॅटरी घेऊन जातो आणि वहीत लिहितो, एवढंच.

आता मुद्द्यावर. जे लोक मला "बेडकाचा काय उपयोग" विचारतात त्यांच्याशी माझं भांडण आहेच, पण "बेडूक शेतकऱ्याचा मित्र" म्हणणाऱ्यांशीही आहे. ते वाक्य शाळेच्या पुस्तकात ठीक आहे. माझ्या भातातले तुडतुडे हा उडणारा बेडूक खात नाही. तो झाडावर राहतो, झाडावरचे किडे खातो, आणि त्यामुळे माझ्या पोफळीचं पोतंभर जरी उत्पन्न वाढलं असेल तर मला ते दिसलेलं नाही. भातातले बेडूक वेगळे. त्यांच्याबद्दल बोलायचं तर आपल्या देशाने बेडकांच्या तंगड्या परदेशी ताटांसाठी वर्षानुवर्षं पाठवल्या आणि शेवटी १९८७ साली निर्यात बंद केली, तेव्हा शेतातल्या किडींचा मुद्दा चर्चेत होताच. आजही पहिल्या पावसात गोव्याच्या हद्दीपलीकडे, आणि खरं सांगायचं तर अलीकडेही, 'जंपिंग चिकन'साठी पोती घेऊन फिरणारे आहेत. तो मोठा डराव बेडूक. त्याच्यासाठी उपयोगाचा हिशेब मांडता येतो, मांडावाही.

पण उपयोगाच्या वजनकाट्यावर सगळेच जीव ठेवले तर हा हिरवा बेडूक हरणार. मग त्याला वाचवायला कुणीतरी खोटे आकडे आणणार, आणि ते खोटे निघाले की चुलत भाऊ म्हणणार, "बघ, सांगितलंला ना." म्हणून मी उपयोग सांगत नाही. मी नुकसान किती ते विचारतो. त्याची फांदी ठेवण्यात माझं नेमकं काय जातं?

पानं पडून फुटव्हॉल्व चोक होतो, हे पहिलं. होतो. मी जुन्या करंडीला नायलॉनची जाळी शिवली आणि फुटव्हॉल्व त्यात बसवला. दीडशे रुपयांच्या आत काम झालं. महिन्यातून एकदा करंडी वर काढून झाडायची. दोन उन्हाळे झाले, पंपाने हवा धरलेली नाही. ज्यांना करंडी झाडायला वेळ नाही पण झाड तोडायला माणूस लावायला पैसे आहेत, त्यांचं गणित मला समजत नाही.

पोफळीला सावली पडते, हे दुसरं. पडते. मग छाटा, पण पाऊस संपल्यावर छाटा. दिवाळीनंतर त्या फांदीवर फेस नसतो, तळीत पिल्लं नसतात, बेडूक वर गेलेले असतात. आणि छाटताना पाण्यावर आलेली एक बाजू सोडा. सगळा काठ नको, मी तसं म्हणतच नाही. आमच्या तळीला चार बाजू आहेत. तीन बाजू भावाच्या, एक बेब्याची, एवढाच वाटप माझा आहे.

तिसरं प्लास्टिक. इथे मी जरा सांभाळून बोलतो, कारण देशावरच्या शेतकऱ्याला अस्तरीकरणाशिवाय शेततळ्यात पाणीच टिकत नाही, आणि तिथे बसून कुणी मला शिव्या दिल्या तर त्या रास्त असतील. मी बोलतोय ते घाटाखालच्या आणि घाटमाथ्याच्या या पट्ट्याबद्दल, जिथे व्हाळाचं पाणी येतं आणि तळी चिऱ्याची आहे. प्लास्टिकवर बेडकाचं पिल्लू मरतं असं काही नाही. पण प्लास्टिक टाकायचं म्हणजे काठ आधी बोडका करावा लागतो, मुळं काढावी लागतात, कारण मूळ आलं की कागद फाटतो. भोवती कुंपण येतं. मग तळं एवढं खोल आहेच तर मासे सोडूया, असं कुणीतरी म्हणतं. मासे आले की पाण्यात पडलेलं प्रत्येक पिल्लू म्हणजे फुकटचं खाद्य. आमच्या शेजारच्या वाडीत डासांसाठी म्हणून तळीत गप्पी मासे सोडले. पिंपात, हौदात सोडा, समजू शकतो. जिथे चतुरांची पिल्लं आणि पाणकिडे आधीच डासांच्या अळ्या खातात त्या तळीत कशाला? दुसऱ्या पावसात त्या तळीवर फेस होता, आणि पाण्यात बेडकाचं एक पिल्लू मला दिसलं नाही. तिथे बेडूक मेले असं कुणी म्हणणार नाही, कारण मोठे बेडूक अजून येतात, टक टक करतात, फेस करतात. पुढे काय होतंय ते पाण्याखाली होतं.

चौथं तणनाशक. याच्यावर मी सांभाळून बोलणार नाही.

काजूच्या बागा तळीच्या वर, उतारावर. श्रावणात दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की पंप पाठीवर. मजूर मिळत नाही हे मला माहीत आहे, मीही त्याच बाजारात मजूर शोधतो. पण ग्लायफोसेटचं ते पाणी कुठे जातं? दुसऱ्या दिवशी सर आली की उतारावरून पाटात, पाटातून तळीत. आणि त्या वेळी तळीत कोण असतं? जूनमध्ये पडलेली पिल्लं, ज्यांना अजून पाय फुटतायत. २००५ साली अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रिक रेलिया यांनी तळ्यासारख्या केलेल्या टाक्यांवर ग्लायफोसेटचं बाजारातलं तणनाशक शिफारशीच्या मात्रेत फवारून पाहिलं. तीन आठवड्यांत ९६ ते १०० टक्के बेडूकपिल्लं मेली. ते बेडूक अमेरिकेचे, आणि फवारणी थेट पाण्यावर, उतारावर नाही. हा फरक कृषीवाल्यांनी दाखवला तर तो बरोबर आहे. पण त्या औषधात पान ओलं करायला साबणासारखा जो पदार्थ घालतात तो पाण्यातल्या जिवांच्या कल्ल्यांना बाधतो, ही गोष्ट देश बदलला म्हणून बदलत नाही.

आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट कीडनियंत्रण व्यावसायिकांशिवाय कुणी वापरू नये. आमच्या गावात असा व्यावसायिक मी पाहिलेला नाही. औषध मात्र दर श्रावणात पाहतो. मागितलं की मिळतं. तळीपासून वीस-पंचवीस पावलांचा पट्टा तरी ग्रासकटरने कापा, बाकी बागेचं मग बोलू. मी तेवढं केलं. दोन माणसं, एक दिवस, पेट्रोल वेगळं. हा खर्च आहे. तो नाही असं मी म्हणत नाही.

बोर्डो मी अजूनही फवारतो. कोळे रोगाने सुपारी गळून पडताना ज्याने पाहिली नाही त्याने मला बोर्डो सोडायला सांगू नये. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, पावसाआधी एकदा आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी परत. ती दुसरी फवारणी नेमकी पिल्लं पाण्यात असताना येते. तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं हे शेवाळावर मोरचूद टाकणाऱ्याला सांगायला नको. मी काय बदललं? मिश्रण करायची जागा तळीकाठावरून वर माडाखाली नेली. पिंप तिथेच धुतो, ते पाणी पाटात जात नाही अशा खड्ड्यात. धुतल्यावर पिंप पालथं घालतो. तळीकडच्या पहिल्या ओळीतल्या पोफळींवर फवारणी करत नाही, त्यांच्या शिंपुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधतो, जुने लोक कोंब्यांची टोपी घालायचे तशी. त्या ओळीत सात पोफळी आहेत. सातांपैकी दोन मागच्या वर्षी लागल्या. दोन पोफळींचं नुकसान मी सोसलं, भावाने नाही. हिशेबात ते लिहिलेलं आहे.

आता कुणी म्हणेल, हा बेडूक काय संपायला आलाय? नाही. आययूसीएनच्या यादीत तो 'चिंता कमी' या गटात आहे. मी मुद्दाम त्याच्याबद्दल लिहितोय. आंबोलीच्या सड्यावर वाघासारखे पट्टे असलेला लहान भेकटा बेडूक आहे. २००९ साली बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगाला सांगितला, आणि तो अतिसंकटग्रस्त आहे, कारण त्याची दुनिया म्हणजे कातळावरची चार डबकी. त्याच्यासाठी शास्त्रज्ञ येतात, फोटोवाले येतात, पाट्या लागतात. लागू देत. (फोटोवाल्यांनो, रात्री जोडी बसलेली असताना तिच्यावर पाच-पाच टॉर्च मारू नका. नर सोडून जातो. पर्यटनाचा मला राग नाही, त्या टॉर्चचा आहे.)

पण या हिरव्या बेडकासाठी कुणी येणार नाही. तो दुर्मिळ नाही. अभयारण्यात आहे तसा माझ्या कुळागरात आहे, कर्नाटकातल्या कॉफीच्या मळ्यात आहे, शेजाऱ्याच्या हौदावर आहे. अभयारण्याच्या आत त्याची काळजी वन खातं घेईल. बाहेरचा जो आहे तो पूर्णपणे आपल्या कोयत्यावर आहे. त्याच्यासाठी कायदा यायची वाट मी बघत नाही, आणि खरं सांगायचं तर कायदा नको म्हणून तर आपण सगळे ओरडतो. इको-सेन्सिटिव्हचं नाव काढलं की ग्रामसभेत आपण काय बोलतो? "आमचे आजे-पणजे जंगल राखत इले, आमका शिकवू नको." मी स्वतः हे वाक्य माइकवर बोललोय. टाळ्या मिळाल्या होत्या. तेव्हा जंगल राखतो म्हणणाऱ्याला एक फांदी राखता येते का, हे मला विचारायचा हक्क समोरच्याला आहे.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे गेल्या पंचवीस वर्षांत किती डोंगर बोडके होऊन रबराच्या ओळी आल्या ते आपण पाहिलं आहे. जमिनी विकल्या कुणी? आपणच. रबराखाली सावली असते, ओल असते, लांबून जंगल वाटतं. पण त्यात पाण्याच्या डबक्यावर आडवी आलेली फांदी कुठे असते? ओळीतलं झाड सरळ वर जातं. राईत एक झाड पडतं, दुसरं त्याच्यावर कलतं, मधे पाणी साचतं, वेली लोंबतात, आणि बेडकाला असली अव्यवस्था लागते. ज्याला आपण घाण म्हणून साफ करतो ती.

'साफ' या शब्दाचा मला आता कंटाळा आला आहे. बाग साफ, काठ साफ, तळी साफ. कृषी मेळाव्यात आदर्श बागेचा फोटो दाखवतात, त्यात झाडाखाली गवताची काडी नसते. पाहणीला आलेला माणूस पहिलं वाक्य बोलतो, "बाग स्वच्छ ठेवलीय तुम्ही." त्या एका शाबासकीसाठी आपण काय काय काढून टाकलं त्याची यादी कुणी केलेली नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्याला माझी विनंती आहे, विषय फुकट देतो: एकाच गावातल्या दहा तळी घ्या, कुठे फांदी आहे, कुठे नाही, कुठे मासे आहेत, कुठे औषध उतरतं, आणि कुठे किती फेस विरघळल्यावर किती पिल्लांना पाय फुटतात, ते दोन पावसाळे मोजा. माझी वही देतो. अक्षर वाईट आहे.

भावाला मी हे सगळं एवढं लांब सांगितलं नाही. त्याला रात्री तळीवर घेऊन गेलो. पाऊस होता, तो कुरकुरत आला. फांदीवर चौथी जोडी बसली होती. बॅटरी जमिनीकडे धरून उजेडाच्या कडेने बघत उभे राहिलो. मादी पाय चालवत होती. तो पाच मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "ह्या असा करतत काय? आणि आम्ही थुकी म्हणायचो."

थोड्या वेळाने परत म्हणाला, "जांभळ राहू दे मरे. पण पलीकडचो भेंड मी तोडतलंय. आणि प्लास्टिकचा मी विचारतलंय, हां."

भेंड तोड म्हटलं. तो पाण्यावर नाही. प्लास्टिकचं गणेश चतुर्थीनंतर बसून बोलायचं ठरलंय. सोमवारी माणूस येईल तेव्हा मी तळीवर असेन, कारण 'काठ साफ' एवढंच त्याला सांगितलं तर तो जांभळीपासूनच सुरुवात करील.